स्वतःच स्वतःची झीलकरी

परदेशात वाढलेल्या मुलांनी पुढे काय करावं हा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्या निमित्ताने अर्जेंटिनाची गायिका हुआना मोलिना हिची हकिगत सांगावीशी वाटते.

वडील ओरासिओ मोलिना हे टँगो गायक, आई अभिनेत्री. गिटार वडिलांनीच शिकवली. १९७६ च्या मार्चमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि या कुटुंबाला पॅरिसला जावं लागलं. आपण शिक्षणासाठी, नोकरीसाठी देश सोडला. त्यांच्यावर तो लादला गेला. हा फरक आपण विसरता कामा नये.

काही वर्षांनी हुआना ब्यूनोस आयर्सला परतली. गाण्यावर पोट भरेना, म्हणून ती टीव्हीवर विनोदी कामं करू लागली. १९९१ मध्ये 'हुआना इ सुस एर्मानास', म्हणजे 'हुआना आणि तिच्या बहिणी', ही तिची मालिका आली. नाना तऱ्हेच्या बायकांच्या नकला ती स्वतःच करी. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. पण ज्या गाण्यासाठी हा खटाटोप, तेच मागे पडलं. मूल होण्याच्या सुमारास तिने ते यश सोडलं. १९९६ मध्ये 'रारा' ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. मायदेशी स्वागत थंडच झालं; प्रेक्षकांना हवे होते विनोद.

मग २००० मध्ये 'सेगुंदो' आली आणि तिची खरी वाट सापडली. गिटारचा एखादा तुकडा वाजवायचा, यंत्राने तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्यावर कीबोर्ड, त्यावर स्वतःचाच आवाज. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी सूर धरतात ना? इथे शाहीरही तीच आणि झीलकरीही तीच! रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर हे मिश्रण नव्हे, संयुग आहे. लाकडी वाद्य कुठे संपलं आणि वीज कुठे सुरू झाली, हे कानाला वेगळं काढता येत नाही. २००३ मध्ये डॉमिनो या ब्रिटिश कंपनीने ही ध्वनिमुद्रिका काढली आणि दूरदूरचे श्रोते तिला मिळाले.

आपल्या घरात एखादी मुलगी चालती नोकरी सोडून गिटार घेऊन बसली, तर आपण काय म्हणू? "पोटाचं काय?" हा प्रश्न खोटा नाही, हुआनालाही तो सुटला नव्हता. पण पोटासाठी धरलेली वाट किती वर्षं चालायची, हे तिचं तिनेच ठरवलं. मुलांशी बोलताना एवढी जागा आपण त्यांना ठेवूया.