विजापूर मुलखाचा बिशप

1637 साली रोमने मातेउस द कास्त्रो या गोमंतकीय ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला बिशप केले आणि आदिलशाही मुलूख त्याच्या हवाली केला. मोगलांशी झालेल्या 1636 च्या तहानंतरची आदिलशाहीची हद्द पाहिली, तर आजचे भोर आणि राजगड (2025 पर्यंतचे वेल्हे) हे दोन्ही तालुके त्यात येतात. म्हणजे भोरमधल्या कारीच्या जेधे देशमुखांचे रोहिड खोरेही कागदोपत्री कास्त्रोच्या धर्माधिकारात होते. प्रत्यक्षात हा अधिकार कुठवर चालला?

कास्त्रो दिवाडी बेटावरचा. जन्मसाल 1594 च्या सुमाराचे मानतात, पण तो अंदाज आहे. शिक्षण रेइश मागुशच्या फ्रान्सिस्कनांकडे झाले. गोव्याचे आर्चबिशप क्रिस्तोव्हांव द सा यांनी त्याला पाद्रीपदाची दीक्षा नाकारली. या नकारावर शंका घ्यायला फारशी जागा नाही. गोव्यात दीक्षा मिळत असती, तर खुश्कीच्या वाटेने रोम गाठण्याचा खटाटोप कोण करील? 1625 मध्ये तो तिथे पोचला. पोर्तुगीज राजाच्या धर्मविषयक मक्तेदारीला शह देऊ पाहणारी ‘प्रोपागांडा फिदे’ तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती आणि तिचा चिटणीस इंगोली त्या मक्तेदारीचा कडवा टीकाकार. त्याला कास्त्रोसारखा माणूस हवाच होता.

तो बिशप होऊन परतल्यावर गोव्याच्या नव्या आर्चबिशपांनी, फ्रान्सिस्को दोस मार्तिरेस यांनी, त्याची नेमणूक मानली नाही. त्याने दिलेल्या दीक्षाही वादात सापडल्या. एवढ्यावरून त्याच्या नेमणुकीचे कागद खोटे ठरत नाहीत. ते खरे मानले असते, तर लिस्बनला डावलून रोम हिंदुस्थानात बिशप धाडू शकते, हे गोव्याला कबूल करावे लागले असते.

कास्त्रोने मग पोर्तुगीज हद्दीपलीकडे डिचोलीत ठाण मांडले. त्याच्या चर्चच्या संदर्भात नावे येतात ती डिचोली, बांदा आणि वेंगुर्ल्याची. तिन्ही घाटाखालची, मावळातले एकही गाव त्यांत नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. 1653 मध्ये कास्त्रोने डिचोलीहून गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांसाठी एक जहाल लिखाण केले आणि 1654 मध्ये आदिलशाही फौज गोव्यावर चालून आली. पोर्तुगीजांनी दोन्ही गोष्टी जोडून त्याला फितूर ठरवले. पण तेव्हाच्या गोव्यात बोलत कोण होते? आर्चबिशप 1652 मध्ये वारले होते. पोर्तुगालने 1640 मध्ये स्पेनचे जोखड झुगारल्यापासून रोम तिथल्या नव्या राजाला मान्यता देत नव्हते, म्हणून आर्चबिशपांची गादी पुढे कित्येक वर्षे रिकामीच राहिली. 1653 मध्ये तर ब्राझ द कास्त्रो (आपल्या कास्त्रोशी नाते नाही, आडनाव तेवढे एक) याने व्हाइसरॉयलाच हटवून कारभार बळकावला होता. अशा बंडखोर सरकारला बाहेरचा शत्रू सोयीचाच असतो. लिखाण आधी, स्वारी नंतर, एवढा क्रम पक्का आहे. स्वारी कास्त्रोच्या चिथावणीने झाली, हे मला तेवढ्यावरून सिद्ध वाटत नाही; समुद्रावर डचांनी पोर्तुगीजांना जेरीस आणलेले असताना विजापूरला वेगळ्या चिथावणीची गरज नव्हती.

कारीपर्यंत पोचल्याची खात्री देता येईल असा विजापूरचा कागद मात्र आहे. 16 जून 1659 च्या फर्मानाने आदिलशहाने कान्होजी जेध्यांना अफझलखानाला मिळण्याचा हुकूम केला. कान्होजी ते फर्मान घेऊन मुलांसह थेट शिवाजी महाराजांकडे गेले. त्याच खोऱ्यातले उत्रोळीचे खोपडे खानाला मिळाले. खुद्द बादशहाचा शिक्का जिथे एका वाड्यात चालला आणि दुसऱ्यात नाही, तिथे रोमच्या नेमणूकपत्राला कोण विचारणार होते?

कास्त्रो 1677 च्या सुमारास रोममध्ये वारला. त्याच्या हयातीतच, 1669 मध्ये, कुस्तोदिओ द पिन्यो या दुसऱ्या गोमंतकीयाची त्याच्या जागी नेमणूक झाली. तोवर भोर-वेल्ह्याचा मुलूख विजापूरकरांच्या हातून गेला होता. मुंबईचे आजचे आर्चडायोसिस आपली वंशावळ 1637 च्या त्या नेमणुकीपासूनच मोजते.