ग्रेनोब्ल, रात्रीचे दोन

तारीख 5 फेब्रुवारी 1980, रात्रीचे दोन. फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. चुंबकाच्या फार जवळ जाऊ नका, खिशात किल्ल्या असतील. आत 20 टेस्लाच्या आसपास क्षेत्र आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या काही लाख पट. त्यात, द्रवरूप हेलियमच्या थंडीत, सिलिकॉनचा एक ट्रान्झिस्टर बसवलाय.

रेकॉर्डरचं पेन कागदावर सरकतंय आणि 36 वर्षांचे क्लाउस फॉन क्लिट्झिंग त्यावर डोळे लावून बसलेत. ट्रान्झिस्टरच्या गेटचं व्होल्टेज वाढवलं की त्याच्या पातळ थरातले इलेक्ट्रॉन वाढतात आणि प्रवाहाला आडवं मोजलेलं हॉल व्होल्टेज उतरतं. उतरतंयही. मग पेन एकदम सपाट चालू लागतं. इलेक्ट्रॉन वाढताहेत, व्होल्टेज ढिम्म! नेमक्या त्याच टप्प्यात प्रवाहाच्या दिशेतला रोध जवळजवळ शून्यावर येतो.

नमुना बदला. आकार वेगळा, कारखाना वेगळा, आतली अशुद्धी वेगळी. ही सपाट पायरी मात्र त्याच आकड्यावर. गंमत म्हणजे ही अशुद्धीच पायरी रुंद करते: जादा इलेक्ट्रॉन अशुद्धीत अडकून पडतात, वहनात भाग घेत नाहीत.

आता जरा वाकून वही बघा. पायरीच्या व्होल्टेजला प्रवाहाने भागलं की रोध मिळतो, आणि तो असा: प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा वर्ग, म्हणजे 25,813 ओहम. बाकीच्या पायऱ्या याला 2, 3, 4 अशा पूर्णांकांनी भागून मिळतात. पण रेकॉर्डरचा स्वतःचा रोध दहा लाख ओहम, थोडा प्रवाह तोच खातो. त्यामुळे 25,813 चे 25,163 दिसणार. या अडीच टक्क्यांचा हिशेब क्लिट्झिंगनी तिथेच मांडलाय. माझ्या मते त्या रात्रीची खरी हुशारी इथे आहे. पायरी डोळ्यांना दिसतेच. ती निसर्गाच्या स्थिरांकांची आहे हे ओळखायला यंत्राची लबाडी आधी वजा करावी लागते.

उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक होतं, पण बोलला नाहीत ते बरं. त्यांचं त्यांना सापडलं.

डोर्डा आणि पेपर या दोन सहकाऱ्यांसह लिहिलेला शोधनिबंध त्याच वर्षी छापून आला, पण रोधाच्या मानकाचा दावा करणारं मूळ शीर्षक बदलून. क्लिट्झिंगना नोबेल मिळालं 1985 मध्ये. आणि 1 जानेवारी 1990 पासून जगभरच्या मापनसंस्था ओहमची मानकं याच पायऱ्यांवरून ठरवू लागल्या.