पंचवटीची गाणी आणि आपला कॅमेरा



आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही अधूनमधून पडदा लावतो. आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' पूर्ण दाखवायचा तर तीन तासांहून जास्त वेळ जातो, आणि पोरं तासाभरात चुळबूळ करू लागतात. म्हणून आम्ही शाहीर विलास घोगरे यांच्यावरचा भागच दाखवतो. तेवढा तुकडा एखाद्या छोट्या संगीतपटासारखा उभा राहतो. एक माणूस जीव ओतून गातो आहे आणि थोड्याच वेळात कळतं की तो आता नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले, आणि काही दिवसांतच घोगरेंनी आत्महत्या केली. १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये पटवर्धनांनी त्यांना गाताना टिपलं होतं. ते चित्रण हाताशी होतं म्हणून आज आमची पोरं त्यांचा आवाज ऐकू शकतात. पुढचा चित्रपट पुरा व्हायला १४ वर्षं लागली.

मागच्या वेळी तो भाग संपल्यावर एक तरुण मागे थांबला. हळदी-लग्नाच्या ऑर्डरी तो मोबाइलवर शूट करतो. त्याने विचारलं, "असं आपल्या पंचवटीतलं कुणी केलंय का?" आम्ही म्हणालो, "तूच कर." असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. काय टिपायचं हेही आम्हीच सांगायला हवं होतं, म्हणून हा लेख.

पंचवटी म्हटलं की जगाला रामकुंड आठवतं. आपल्याला २ मार्च १९३० आठवतो. त्या दिवशी काळाराम मंदिराकडे निघालेली मिरवणूक मैलभर लांब होती. धनंजय कीर यांच्या बाबासाहेबांच्या चरित्रात सुमारे १५ हजार माणसांचा उल्लेख आहे. पण त्याच वर्णनातली एक गोष्ट आपण भाषणांत सहसा सांगत नाही. मिरवणुकीच्या अग्रभागी वाद्यं होती, लष्करी थाटाच्या चालीवर वाजणारी. त्यामागे स्काउटांचं पथक आणि मग शिस्तीत चालणाऱ्या सुमारे ५०० स्त्रिया. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली, तिथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे वर्षानुवर्षं रेटला. दरवाजा उघडला नाही. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितलं आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा केली.

आता याच्या शेजारी दुसरं नाशिक ठेवून बघा. मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहून झपाटलेले दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनीही सुरुवात हौशी माणसासारखीच केली. वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी छोटीशी फिल्म बनवून त्यांनी भांडवल देणाऱ्यांना पटवलं आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. सत्याग्रह चालू असताना त्यांची हिंदुस्तान फिल्म कंपनी नाशिकमध्येच होती. तिचा रामकथेवरचा 'सेतुबंधन' १९३२ चा. म्हणजे एकाच शहरात एकीकडे रामाचा समुद्रावरचा पूल पडद्यासाठी बांधला जात होता आणि दुसरीकडे रामाच्या दारात माणसं तिष्ठत होती. फाळके मोठेच. पण कॅमेरा कुणाची कथा सांगण्यासारखी मानतो, हा प्रश्न विचारल्याने त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. (फाळके स्मारक आज त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी बुद्धविहाराला लागून आहे. सहलीला येणारे दोन्ही बघतात आणि घरी जातात.)

चळवळ गावोगाव पोचवण्याचं काम मग कुणी केलं? जलशांनी. नाशिक जिल्ह्यातलेच भीमराव कर्डक १९३० च्या दशकात नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा घेऊन फिरले. तमाशाचा सांगाडा त्यांनी घेतला, गण, बतावणी, वग सगळं. आतला माल मात्र बदलला. देवाच्या स्तुतीच्या आणि शृंगाराच्या जागी शिक्षण आलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडणं आलं, सत्याग्रह आला. कर्डकांनी स्वतःच १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवलं म्हणून हे आपल्याला तपशिलात कळतं. नाहीतर अभ्यासकांनी या सगळ्याला 'लोककला' म्हणून एका पोत्यात भरलं असतं.

त्यांच्यामागून वामनदादा आले. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. अक्षरओळख मुंबईत, मोठेपणी. पुढे हजारो गाणी लिहिली आणि १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये गेले. त्यांच्या गाण्यांची एक रीत ध्यानात घ्या. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. ही जुनी नाममुद्रा आहे, अभंगांत आहे, शाहिरीत आहे. ज्याला सातबारा नाही, ग्रंथालयात जागा नाही, त्याची मालकी त्या एका कडव्यात असते.

आणि आज आपण काय करतो? तीस सेकंदांची रील. ध्रुवपद, ढोलकीचा ठेका, निळा झेंडा, कट. शेवटचं कडवं कापलं जातं आणि कवीचं नाव त्याच्याबरोबर जातं. खाली लिहितो 'जुनं भीमगीत'. प्रस्थापितांनी आपली नावं पुसली म्हणून आपण ओरडतो, ते खरंच आहे. पण ही कात्री आपल्याच हातात आहे. आम्हीही अशा रील पुढे पाठवल्या आहेत, तेव्हा हे आधी आम्हालाच लागू.

त्या तरुणाने शूट केलं. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना, ज्यांनी ही गाणी त्यांच्या आईकडून घेतली. नऊ मिनिटांची फिल्म. चेहरा छान, उजेड छान. पाठीमागे मंदिराचा कळस नको, असं त्याचं त्यालाच वाटलं आणि त्याने खाट घाटाच्या बाजूला वळवली. फक्त एका गाण्याचं शेवटचं कडवं गाळलं होतं. म्हणाला, "लांबत होतं." आम्ही फिल्म परत दिली. तो पुन्हा गेला, तेवढंच कडवं म्हणा म्हणाला. बाई म्हणाल्या, मधूनच नाही आठवत बाबा. मग त्यांनी सगळं गाणं पहिल्यापासून म्हटलं.