युकुलेलेचा हेडस्टॉक

युकुलेलेच्या मानेच्या टोकाचा, खुंट्या बसवलेला लाकडी भाग. तारेचे एक टोक वाद्याच्या अंगावरील पुलाशी (ब्रिजशी) अडकवलेले असते आणि दुसरे येथे गुंडाळले जाते. वाद्याच्या नादात हेडस्टॉकचा वाटा थोडा असला, तरी वाद्य सुरात राहणे, ते हातात तोलले जाणे आणि तार बदलताना होणारा त्रास या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी त्यावर ठरतात. वाद्य घेणारा मात्र तो समोरून पाहतो. कारखान्याचे नाव, शिंपल्याचे जडावकाम, मुकुटासारखी कातरलेली वरची कड यांवर पसंती ठरते. दोष कळायचे तर हेडस्टॉक बाजूने आणि मागून पाहावा लागतो.

हे वाद्य हवाईचे म्हणून ओळखले जात असले, तरी त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील माशेते या छोट्या चार तारी वाद्यात आहे. 23 ऑगस्ट 1879 रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज मदेराहून उसाच्या मळ्यांवरील मजूर घेऊन होनोलुलूला पोहोचले. त्यात मानुएल नुनेस, अगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. पुढे त्यांनीच होनोलुलूत ही वाद्ये बनवायला सुरुवात केली आणि हवाईच्या राजा कालाकाउआने या वाद्यांना दरबारात स्थान दिले. या जुन्या युकुलेलेंचा हेडस्टॉक भरीव, लहान आणि पातळ असे. त्यात मागून आरपार भोके पाडून व्हायोलिनसारख्या लाकडी खुंट्या बसवलेल्या असत. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत युकुलेलेची लाट आली. मार्टिन कंपनीने युकुलेलेचे नियमित उत्पादन 1916 साली सुरू केले आणि होनोलुलूतील कामाका हा कारखानाही त्याच वर्षीचा. वाद्य मोठ्या संख्येने विकले जाऊ लागले, तशी हेडस्टॉकची कड ही कारखान्याची सही झाली. कामाकाचे जोडीचे दोन ‘के’ लांबूनही ओळखू येतात.

हेडस्टॉकच्या आकाराचा पहिला परिणाम तारेच्या वाटेवर होतो. मान संपते तेथे हाडाची किंवा प्लास्टिकची खाचा पाडलेली पट्टी असते; तिला नट म्हणतात. सोप्रानो या लहान आकाराच्या युकुलेलेत तिची रुंदी साधारण 35 मि.मी. असते. चारपैकी कडेच्या दोन तारा (जी आणि ए) जवळच्या खुंट्यांवर जातात, तर मधल्या दोन (सी आणि ई) त्यांच्या मधून निघून लांबच्या खुंट्यांवर. हेडस्टॉक वरच्या बाजूला पसरत गेलेला असेल तर लांबच्या खुंट्या एकमेकींपासून दूर जातात आणि मधल्या तारांना नटपाशीच बाहेर वळावे लागते. तार खाचेच्या भिंतीला घासते. सी ही सर्वांत जाड तार असल्याने तीच आधी अडकते. खुंटी पिळली तरी काही काळ सूर हलत नाही, मग ‘टक्’ असा आवाज होऊन तो एकदम वर उडी मारतो. वादक खुंटीला दोष देतो आणि महागड्या खुंट्या बसवून घेतो. दोष मात्र खाचेत आणि हेडस्टॉकच्या पसरट आकारात राहतो. खाच तारेच्या दिशेने घासून घेणे आणि तिच्यात पेन्सिलीच्या शिशाची पूड लावणे हा स्वस्त आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय आहे. फारच पसरट हेडस्टॉकवर मधली तार जवळच्या खुंटीच्या दांड्याला टेकते. तेथे काही उपाय चालत नाही.

वर निमुळता होत जाणारा हेडस्टॉक ही अडचण टाळतो, कारण त्यावर तारा जवळजवळ सरळ जातात. पण त्यावर खुंट्या दाटीने बसतात आणि एक पिळताना बोट दुसरीच्या कानाला, म्हणजे पिळायच्या टोकाला, लागते. भिंतीवरच्या दुबेळक्या खुंटाळ्यात, विशेषतः गिटारसाठी केलेल्या रुंद खुंटाळ्यात, असा हेडस्टॉक सरळ निसटतो. दुकानात हे कोणी सांगत नाही.

तारेची दुसरी वाट खालची. बहुतेक कारागीर हेडस्टॉक सुमारे 10 ते 15 अंश मागे झुकवतात, म्हणजे तार नटवर दाबली जाते. झुकाव फार कमी असेल तर मोकळी तार खाचेत भुणभुणते. जास्त असेल तर घर्षण वाढते. एकाच फळीतून मान आणि झुकलेला हेडस्टॉक कापला, तर नटच्या मागे लाकडाचे तंतू आडवे तुटतात आणि वाद्य पडल्यास तेथेच चीर जाते. म्हणून जाणते कारागीर फळी तिरकी कापून, उलटून, पुन्हा चिकटवतात. युकुलेलेत हा धोका गिटारइतका मोठा नाही. सोप्रानोच्या चारही तारांचा मिळून ताण पंधरा-वीस किलोच्या घरात असतो, तर पोलादी तारांच्या गिटारवर तो सत्तरच्या आसपास जातो.

खुंट्यांवरचा वाद फार जुना आहे. लाकडी खुंटी केवळ घर्षणावर टिकते. सतार-तंबोरा लावणाऱ्याला हे सांगायला नको. खुंटी सरकू लागली की खडू लावायचा आणि आत दाबून पिळायची. मात्र सतारीला बारीक सुरासाठी मणी असतो, युकुलेलेला नाही. शिवाय लाकूड हवेनुसार फुगते आणि आकसते. कोकणातल्या पावसाळ्यात खुंटी घट्ट बसेल, तीच विदर्भाच्या उन्हाळ्यात सैल होईल. 1920च्या दशकात धातूच्या दांड्याच्या, मागे स्क्रू असलेल्या घर्षण-खुंट्या रुळल्या आणि स्क्रू आवळून घर्षण कमी-जास्त करता येऊ लागले. तरी खुंटी एक फेरा फिरली की दांडाही एकच फेरा फिरतो. सोप्रानोची तार नटपासून पुलापर्यंत जेमतेम 34-35 सें.मी. लांब असल्याने खुंटीच्या किंचित हालचालीने ए तारेचा सूर बराच सरकतो. नवशिक्याची चिडचिड होते ती येथे.

दातेरी चाकांच्या खुंट्यांत कान चौदा ते अठरा वेळा फिरवावा तेव्हा दांडा एकदा फिरतो. सूर बारकाईने लागतो आणि जागेवर राहतो. पण कान दोन्ही बाजूंना बाहेर येतात, आणि लहानशा सोप्रानोवर ते मिकी माउसच्या कानांसारखे दिसतात अशी थट्टा वादक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. थट्टा सोडली तरी वजनाची तक्रार खरी आहे. पारंपरिक कोआ लाकडाचा सोप्रानो इतका हलका असतो की अनेक जण तो पट्ट्याशिवाय, उजव्या हाताने छातीशी दाबून वाजवतात. धातूच्या चार खुंट्यांचे वजन मानेच्या अगदी टोकाला पडले की मान खाली झुकते. मग डावा हात सूर दाबण्याऐवजी वाद्य तोलू लागतो. टेनॉरसारख्या मोठ्या अंगाच्या युकुलेलेवर हेच वजन जाणवत नाही, आणि तेथे तारेचा ताण जास्त असल्याने दातेरी खुंटी हवीच. सोप्रानोवर ती बसवण्यात सोय आहे, शहाणपण नाही.

घर्षण-खुंटी आणि दातेरी खुंटी यांच्या मधला मार्ग म्हणजे दांड्याच्या आतच चाके लपवलेली खुंटी. तत्त्व बँजोच्या खुंट्यांचे आहे आणि जपानच्या गोतो कंपनीने ते युकुलेलेसाठी उतरवले. दिसायला ती घर्षण-खुंटीसारखी मागे निघते, पण चार फेऱ्यांना दांडा एक फेरा फिरतो. किंमत हा तिचा मोठा दोष. जुन्या वाद्यात ती बसवताना भोक मोठे करावे लागू शकते आणि एकदा मोठे केलेले भोक पूर्ववत होत नाही. जुन्या कामाकाचे किंवा मार्टिनचे मोल जाणणाऱ्याने हा हट्ट धरू नये. मागे निघणाऱ्या सगळ्याच खुंट्यांची आणखी एक अडचण म्हणजे कडक पेटीचा तळ उथळ असेल तर बंद झाकणाचा दाब खुंट्यांवर येतो.

क्लासिकल गिटारवरून घेतलेला, मधे दोन लांब खाचा असलेला हेडस्टॉक महाग टेनॉरवर मान मिळवून आहे. तार खाचेत खोल उतरते, त्यामुळे नटवर तिचा दाब चांगला येतो, आणि कातरकामाने वजनही थोडे कमी होते. दिसण्यात तो सर्वांत देखणा, असे मानणारे पुष्कळ आहेत. तार बदलायची वेळ आली की मत बदलते. दांड्यातले भोक खाचेच्या आत असते. नायलॉनचे किंवा फ्लुओरोकार्बनचे निसरडे टोक त्यातून ओवून, धरून, पहिला वेढा बसवायला बोटांना जागा अपुरी पडते. खाचेची कड नीट उतरती केलेली नसेल तर तार तिला घासते. आणि लाकूड काढून टाकल्याने खाचांच्या बाजूच्या पट्ट्या बारीक राहतात. वाद्य खुंट्यांवर आपटले तर तडा तेथे जातो.

चारही खुंट्या एका बाजूला ओळीने मांडण्याची तऱ्हा इलेक्ट्रिक गिटारची. फेंडर या गिटार-कंपनीने आपल्या युकुलेलेंवर ती आणली, कारण कंपनीचे गिटार जो ओळखतो त्याला हा हेडस्टॉकही ओळखू येतो. तारा नटमधून बऱ्याच सरळ निघतात, हा या मांडणीचा खरा गुण. पण ओळ लांब होते आणि युकुलेलेच्या साध्या पिशवीत तो लांबोडा हेडस्टॉक कधी कधी मावत नाही. सहा आणि आठ तारांच्या युकुलेलेत, ज्यांपैकी आठ तारांच्या जुन्या प्रकाराला टारो पॅच म्हणतात, खुंट्या वाढल्याने लांबी आणि वजन दोन्ही वाढते. लहान अंगाच्या आठ तारी वाद्याची मान झुकणारच, असे धरून चालावे.

हेडस्टॉकच काढून टाकण्याचे प्रयोगही झाले आहेत. जर्मनीच्या रिसा या कारखान्याच्या सडपातळ इलेक्ट्रिक युकुलेलेत खुंट्या अंगात बसवलेल्या असतात आणि मान नटपाशी संपते. वाद्य झुकत नाही आणि प्रवासात सहज मावते. मात्र चिमट्याने हेडस्टॉकवर लावायचा ट्यूनर अडकवायला नेहमीची जागा राहत नाही आणि भिंतीवर टांगायलाही काही उरत नाही.

नवे युकुलेले निवडताना सी तार हळूहळू खाली उतरवावी आणि पुन्हा वर चढवावी. सूर अडखळत, उड्या मारत चढला तर नट आणि हेडस्टॉकचा आकार आधी तपासावा. मग वाद्य मांडीवर न टेकवता, वाजवण्याच्या पवित्र्यात धरून डावा हात सोडून पाहावा. सोप्रानोची मान लगेच खाली गेली, तर हेडस्टॉक कितीही सुंदर असला तरी ते वाद्य घेऊ नये.