पायाच्या अंगठ्यातला दोरा

वैशाख, 1958. पेणच्या एका कौलारू घराच्या ओटीवर तुम्ही चपला काढता. माजघरात पोह्याच्या पापडांचं पीठ कुटून झालंय. आत्यानं दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलंय, दुसरं हातात. पिठाच्या वळकटीच्या भराभर लाट्या पडतायत. एक तेलात बुडवून ती तुमच्या हातावर ठेवते. "खा. कोणाकडे आलात?"

पन्नाशी उलटलेली. कपाळाला कुंकू, गळा मोकळा. लग्न का राहिलं, याची घरात तीन उत्तरं आहेत. तिला मात्र कोणी कधी विचारलेलं नाही. भिंतीशी लोखंडी ट्रंक, वर गुंडाळलेली गोधडी. रात्री गोधडी पसरली की तेवढी तिची खोली.

वडील गेल्या वर्षी गेले. 1956 च्या वारसा कायद्यानं त्यांच्या मिळकतीत तिलाही वाटा दिलाय. पण राहत्या घराची वाटणी भाऊ करतील तेव्हाच. तोवर तिनं नुसतं राहायचं. तेही ती अविवाहित आहे म्हणून. सासरी नांदणाऱ्या बहिणीला एवढंसुद्धा नाही! ज्या न झालेल्या लग्नावरून गाव कुजबुजतं, त्याच्याच जोरावर तिची ट्रंक इथे आहे. राहत्या घराचं हे कलम जायला 2005 उजाडायचंय.

आता रोह्याची गाडी पकडा. रूळ रोह्यापर्यंत 1986 ला पोचले, पण तुम्हाला काय, काळ तुमच्या मुठीत. उतराल तेव्हा 1994 चा जून संपत आलाय, कुंडलिका गढूळ झालीय.

इथली ताई निवृत्त शिक्षिका. नव्वदीचे वडील ओटीवर आरामखुर्चीत, भाऊ-वहिनी आत, आणि ही पडवी बंद करून काढलेल्या खोलीत. पेन्शन तिची, गॅस तिचा, विजेचं मीटर भावाच्या नावावर. दिवा उशिरापर्यंत जळला की वहिनीची भांडी जरा जोरात वाजतात.

आज मात्र वहिनीनं स्वतः चहा आणलाय. 22 जूनपासून महाराष्ट्रात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलासारखा जन्मतः हक्क आहे. ज्यांची लग्नं आधीच झाली त्या वगळल्या, अविवाहित ताई त्यात बसते. भावानं हक्कसोडपत्र टाईप करूनच आणलंय.

"ताई, नुसती सही. तू कुठं जाणारेस?"

ताई चष्मा पुसते, कागद दोनदा वाचते, पेनाचं टोपण लावून ठेवते.

"आधी वेगळं मीटर घे," ती म्हणते. "माझ्या नावानं."