चौरागड

मध्य प्रदेशातील नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) जिल्ह्यात, सातपुड्याच्या महादेव डोंगररांगेतील वालुकाश्माचे शिखर. उंची सुमारे १,३०० मी. पचमढीच्या दक्षिणेस असलेल्या या शिखराभोवती सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे साल-सागाचे जंगल आहे. येथील राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये घोषित झाले. सातपुड्यातील सर्वांत उंच शिखर, धूपगड (१,३५२ मी.), याच परिसरात आहे.

सह्याद्रीचे गडकोट लाव्ह्याच्या काळ्या खडकाचे. चौरागड मात्र वाळूचा. ट्रायासिक काळात, साधारण चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, मोठ्या नद्यांनी आणलेल्या जाड्याभरड्या वाळूचे व गोट्यांचे थर साचून हा गोंडवनी खडक बनला. भूशास्त्रातील ‘महादेव’ हे खडकगटाचे नाव याच डोंगरांवरून पडले. अमेरिकेतील झायन राष्ट्रीय उद्यानाचे कडेही वालुकाश्माचेच, पण त्यांतील बरीचशी वाळू वाऱ्याने रचलेल्या वाळवंटी टेकड्यांची आहे. दोन्हीकडे उभ्या भेगांवरून खडक तुटत गेल्याने सरळसोट कडे तयार झाले. पचमढीला मात्र पावसाळा भरपूर. ते पाणी सच्छिद्र खडकात आणि भेगांत मुरते व पायथ्याच्या गुहांत झिरपत राहते. बडा महादेवाच्या गुहेतला पाझर त्यातलाच.

नकाशावर परराज्यात असले, तरी हे शिखर विदर्भाच्या मनात घरचे आहे. महाशिवरात्रीला नागपूर, अमरावती, वर्धा या भागांतून आणि छिंदवाड्याच्या मराठी मुलखातून लोक ‘महादेवाला’ जातात. तिथे शिखराचे नाव घेण्याची गरजच पडत नाही. छिंदवाडा जिल्ह्यातील जुन्नारदेवचे देवस्थान ‘पहिली पायरी’ म्हणून ओळखले जाते. त्यावरून डोंगराची चढण किती दूरवर सुरू होते, ते कळते. प्रत्यक्ष गडाला तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. नवस फेडणारे लोखंडी त्रिशूल खांद्यावर घेऊन त्या चढतात. काही त्रिशूल इतके जड, की ते उचलायला अनेकांचे खांदे लागतात. माथ्यावरील मंदिराभोवती अशा त्रिशुळांची दाटी झालेली आहे. चोराबाबा नावाच्या तपस्व्याला शंकराने दर्शन दिले व आपला त्रिशूल येथे ठेवला, अशी आख्यायिका या प्रथेमागे सांगतात. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास भरणारी जवळची नागद्वार यात्रा अधिक खडतर. तिलाही वैदर्भीयांचीच गर्दी असते. १९५६ पर्यंत नागपूर व पचमढी एकाच प्रांतात होती आणि पचमढी ही त्या प्रांताची उन्हाळी राजधानी होती. प्रांत तुटला, वाट तुटली नाही.

जवळचे रेल्वेस्थानक पिपरिया. तेथून पचमढी सुमारे ५० किमी. पचमढीहून पायथ्याच्या बडा महादेवापर्यंत वाहन जाते, पुढे चालावे लागते.

नरसिंगपूर जिल्ह्यातील गोंड राजांचा चौरागड किल्ला वेगळा. राणी दुर्गावतीनंतर तिचा पुत्र वीरनारायण १५६४ मध्ये मोगलांशी लढताना पडला तो तेथे. दोहोंच्या माहितीची सरमिसळ अनेक ठिकाणी आढळते.