मूळ प्रत: शिरोलीच्या कारखान्यांतील एक रीत

पंचगंगेपलीकडे, पुणे–बंगळूर महामार्गालगतची शिरोली एमआयडीसी ओतकाम आणि मशिनिंगवर उभी आहे. मूळ वस्तू जपून कामासाठी तिची प्रत वापरण्याची रीत फाउंड्रीत संगणकाच्या कितीतरी आधीची. लाकडी मास्टर पॅटर्न बाजूला ठेवायचा, त्यावरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा आणि रोजचे साचे त्यावर काढायचे. धातू दोनदा थंड होऊन आकसणार म्हणून मास्टरला आकुंचनाची सूटही दुहेरी द्यावी लागते.

सीएनसी यंत्रांनी मूळ जपण्याचा हाच प्रश्न नव्या रूपात आणला. सुरुवातीच्या यंत्रांचे प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर असत. पुढे ते आरएस-२३२ केबलवरून संगणकात उतरवता येऊ लागले. प्रोग्रॅम हरवला तर पुन्हा लिहिता येतो. खरी नाजूक गोष्ट यंत्राचे पॅरामीटर. बॉलस्क्रूच्या पिचमधली बारीक चूक भरून काढणारे आकडे प्रत्येक यंत्राचे वेगळे असतात. ते उत्पादकाच्या कारखान्यात मोजून भरलेले असतात. त्याच मॉडेलच्या शेजारच्या यंत्राचे आकडे इथे चालत नाहीत. फॅनकच्या कंट्रोलरमध्ये हे सारे बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत राहते. म्हणून बॅटरी यंत्र चालू ठेवूनच बदलतात आणि पॅरामीटरची प्रत आधीच काढून ठेवतात.

कंट्रोलरमध्ये हार्ड डिस्क आल्यावर नुसते आकडे उतरवून भागेना. सीमेन्सच्या ८४०डी प्रणालीचा पीसीयू ५० हा विंडोजवर चालणारा संगणकच होता. संपूर्ण डिस्कची इमेज घेण्यासाठी त्यात घोस्ट दिलेले असे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हे सॉफ्टवेअर १९९८मध्ये सिमँटेकने विकत घेतले. अशा काही कंट्रोलरवर चालणाऱ्या विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी यंत्रे थांबली नाहीत. अशा यंत्राची डिस्क बिघडली की जुनी इमेज हाच भरवशाचा मार्ग उरतो.

ऑफिसच्या आणि डिझाइनच्या संगणकांचा प्रवास याच वळणाने झाला. पूर्वी नव्या संगणकासोबत रिकव्हरी सीडी येई. मग तिची जागा डिस्कवरच्या लपलेल्या पार्टिशनने घेतली. २०१२च्या विंडोज ८पासून कंपनीने घालून दिलेल्या विंडोजची परवाना-की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये गेली. त्यामुळे पुढे अशा संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स टाकताना डिस्क पुसली तरी की शाबूत राहते. मात्र रिकव्हरी पार्टिशन आणि त्या मॉडेलसाठी जुळवलेले ड्रायव्हर जातात. ते उत्पादकाकडे पुढे मिळतीलच असे नाही.

म्हणून पेनड्राइव्हवरून क्लोनझिला सुरू करून फक्त ‘सी’ ड्राइव्हची नव्हे, सगळ्या पार्टिशनसह अख्ख्या डिस्कची इमेज बाहेरच्या डिस्कवर घेणे योग्य. त्याआधी विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी-की वेगळी लिहून ठेवावी. इमेज तपासूनच मूळ डिस्कला हात लावावा. साधारणपणे ती परत उतरवायला मूळ डिस्कएवढी किंवा मोठी डिस्क लागते, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

प्रत कुठे ठेवायची, हा प्रश्न शिरोलीत पुराशी जोडलेला आहे. ऑगस्ट २०१९मध्ये आणि जुलै २०२१मध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. अशा वेळी पुण्याहून सर्व्हिस इंजिनिअर येऊ शकत नाही. इमेजची एक डिस्क कारखान्यात वरच्या मजल्यावर आणि दुसरी पूररेषेबाहेर ठेवली, तर यंत्र जागेवरच पुन्हा उभे करता येते.